आजोबांना भरवताना घशाकडे लक्ष ठेव

पक्षाघातानंतरच्या माणसाला सांभाळायला पहिल्यांदाच जातेयस, म्हणून सांगते. ठसका लागला तरच गिळायला त्रास, असं समजू नकोस. काहींना अन्न श्वासनलिकेत गेलं तरी खोकला येतच नाही. म्हणून घोट गिळल्यावर त्यांना दोन शब्द बोलायला लाव. आवाज ओला, घरघरता आला तर थांब. गालात घास साठतोय का, जेवण तासभर रेंगाळतंय का, वजन उतरतंय का, पुन्हा पुन्हा ताप येतोय का, हेही बघ. घरचे म्हणतील, "वय झालं, भूक कमी झाली." लगेच मान डोलावू नकोस.

आपल्या इंदूरात सकाळी पोहे हवेतच, वर शेव! पण सुटे, कोरडे कण अशा घशाला फार जड. आणि बऱ्याच जणांना पाणी, चहा घट्ट पदार्थांपेक्षा अवघड जातो, कारण पातळ द्रव झरकन घसरतो. तरी आपल्या मनाने काही घट्ट करू नकोस. डॉक्टरांना सांगून स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्यायला सांग. तोवर ताठ बसवून, पूर्ण जागे असतानाच छोटे घास दे, टीव्ही बंद ठेव. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नकोस. श्वास अडकला किंवा ओठ निळे पडले तर लगेच १०८.