ब्लूज सगळा एकसारखाच वाटतो. गोडी लागायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताची, पंधरा-वीस गाणी ऐकली, सगळी एकाच चालीत रडताहेत असं वाटलं आणि नाद सोडला. माझंही अगदी हेच झालं होतं. 'सर्वोत्तम शंभर' छापाची यादी लावायची आणि तिसऱ्या गाण्याला जांभई.

मला गोडी लावली रेडिओने. एका रात्री लसूण सोलत बसलो होतो, मोबाइलवर इंटरनेट रेडिओ चालू होता. तासाभराचा कार्यक्रम, एकाच माणसावर: मिसिसिपी जॉन हर्ट.

त्याची गोष्ट ऐकताना हातातला लसूण हातातच राहिला. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या ॲव्हलॉन या इवल्याशा वस्तीतला शेतात राबणारा माणूस. १९२८ साली 'ओके' नावाच्या रेकॉर्ड कंपनीने त्याची गाणी आधी मेम्फिसला आणि डिसेंबरात न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित केली. रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ मंदी आली, हा पुन्हा शेतावर. पण न्यूयॉर्कात घरची ओढ लागली तेव्हा त्याने 'ॲव्हलॉन ब्लूज' गायलं होतं आणि त्यात गावाचं नाव होतं. तेवढ्या धाग्यावरून १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स नावाचा एक ब्लूजवेडा जुन्या नकाशात गाव हुडकून थेट तिथे जाऊन पोचला. सत्तरीच्या घरातल्या हर्टकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती! त्याच उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला, आणि १९६६ मध्ये गेला.

पण माझा कान उघडला तो गोष्टीने नव्हे, त्यानंतरच्या पाच मिनिटांनी. निवेदिकेने स्टुडिओत एका गिटारवाल्याला बसवलं होतं. त्याने हर्टचं एक गाणं आधी फक्त अंगठ्याने वाजवलं. खालच्या तारांवर आलटून पालटून ठोके, दुसरं काही नाही. मग फक्त बोटांनी वरची चाल. मग दोन्ही एकत्र. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हा एकटा माणूस तबलाही सांभाळतोय आणि पेटीही. तोवर मला तिथे दोन गिटारी आहेत असंच वाटत होतं.

तुमच्या 'एकसारखं'बद्दल. बऱ्याच ब्लूजचा साचा खरंच एक असतो: बारा मात्रागट, तीन ओळी, पहिली ओळ दोनदा, तिसरी तिचं उत्तर. 'ॲव्हलॉन ब्लूज'चे शब्द असेच बांधलेत. ओळ साधारण अर्ध्यात संपते आणि उरलेल्या जागेत वाद्य बोलतं. ही जागा ऐका. आपण भैरवी पुन्हा का आणली असं गायकाला विचारत नाही, आज कशी मांडली ते ऐकतो, तसंच.

आणि सगळे रडतात म्हणाल, तर हर्टचं 'लुई कॉलिन्स' लावा. गाणं खुनाचं आहे, आई शोक करतेय, पण आवाज ओसरीवर बसून नातवंडांशी बोलावं इतका मऊ. पहिल्यांदा मला शब्द कळलेच नव्हते. अंगाईच समजलो होतो. आधी १९२८चं ध्वनिमुद्रण ऐका, खरखर सहन करा, मग साठच्या दशकातली त्याची गाणी. आवाज म्हातारा झालाय. अंगठा नाही.

नंतर सन हाउस या ब्लूज गायकाकडे जा, तोही १९६४ मध्ये असाच पुन्हा सापडला होता. गिटारच्या तारांवर बोटात घातलेली नळी घसरवून मींड काढतो, गळा फाडून गातो, आणि त्याचा गंधार कोमल म्हणावा की शुद्ध, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्याच्यापासून सुरुवात केलीत तर पुन्हा जांभई नाही, दचकणं होईल.

असा एकाच कलाकारावरचा कार्यक्रम शोधा, निवेदन असलेलाच. नुसती गाणी लागोपाठ लावणारे चॅनेल सध्या नकोत.