स्कॉटलंडचा ग्रेटना फुटबॉल क्लब एवढा वर जाऊन अचानक बंद का पडला?

सगळं एका माणसाच्या पैशावर उभं होतं म्हणून. ग्रेटना म्हणजे इंग्लंडच्या सीमेला लागून असलेलं जेमतेम ३ हजार वस्तीचं गाव, क्लब १९४६ चा, आणि कितीतरी वर्षं इंग्लंडच्याच खालच्या लीगमध्ये खेळायचा. २००२ ला स्कॉटिश लीगमध्ये घेतलं, मग ब्रुक्स माइल्सन या उद्योजकाने पैसा ओतला आणि २००५, २००६, २००७ अशी लागोपाठ तीन प्रमोशन्स, म्हणजे दरवेळी एक पायरी वरच्या विभागात! २००६ ची स्कॉटिश कप फायनल तर १-१ होती, समोरचा हार्ट्स क्लब फक्त पेनल्टीवर जिंकला, मला अजून हळहळ वाटते. पण स्कॉटलंडच्या सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगसाठी स्वतःचं मैदान चालेना म्हणून घरच्या मॅचेस लांब मदरवेलला, तिथे प्रेक्षक कुठून येणार, त्यात माइल्सन आजारी पडले, पैसा थांबला आणि २००८ मध्ये क्लबच संपला. चाहत्यांनी मग ग्रेटना २००८ नावाने नवा क्लब काढला.