अ‍ॅल्युमिनियम गरम केलं की मऊ पडतं, मग गरम करून लेझर पीनिंग का करतात? आमच्या ६०६१ अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटला भोकाजवळ क्रॅक येतात, करून घेऊ का?

शंका रास्त आहे. रबाळ्याला शॉट पीनिंग आणि हीट ट्रीटमेंटच्या शॉपवर सोळा वर्षं झाली, पण पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मीही हेच विचारलं होतं. आमच्याकडे छर्रेच: शॉट पीनिंग म्हणजे बारीक छर्रे मारून धातूचा पृष्ठभाग ठोकणं, लेझर पीनिंगमध्ये तोच ठोका लेझर देतो. लेझर मी स्वतः मारलेला नाही, पण धातू तोच.

आधी थंड, म्हणजे न तापवता करायचा प्रकार बघा. जॉबवर, म्हणजे ठोकायच्या भागावर, काळी टेप, वर पाण्याचा पातळ थर. लेझरचा ठोका काही नॅनोसेकंदांचा. टेपचा प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त वायू होतो, पाणी त्याला वर उसळू देत नाही, आणि काही गिगापास्कलचा धक्का आत शिरतो. पृष्ठभागाखाली दाबाचा ताण बसतो, त्यामुळे फटीगची, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन पडणारी, भेग सहज उघडत नाही. छर्ऱ्यांनी हा ताण पाव मिलिमीटरभर खोल जातो, लेझरने मिलिमीटरभर.

पण तो टिकायलाही हवा ना! धक्क्याने आत डिसलोकेशन्सची, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या सरकणाऱ्या दोषांची, गर्दी होते, ती पुन्हा सरकली की ताण सुटतो. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी कोणी मधेच बोचकं टाकून बसलं की मागचे सगळे खोळंबतात, तसं काहीतरी आत हवं. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं. जॉब १६० अंशांच्या आसपास ठेवून ठोका दिला की हे अणू डिसलोकेशन्सना जाऊन चिकटतात, तिथेच बारीक कण धरतात आणि वाट अडवतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ६०६१ वर यावर बरंच काम झालं आहे. १६० ला पाणी उकळून जाणार, म्हणून पाण्याऐवजी वर सिलिकोन तेल किंवा काच घेतात.

आता मऊ पडण्याचं. टी६ म्हणजे गरम करून कडक केलेली अवस्था; त्यातलं एजिंगच, म्हणजे कण धरायला मंद तापवणंच, १६० ते १७५ अंशांना कित्येक तास चालतं, त्यामुळे तेवढ्या गरमीत जॉब थोडा वेळ राहिला तर काही बिघडत नाही. बिघडतं त्याच्या वर. एकदा आमच्या भट्टीचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जागेवरून निसटला, काटा खोटं सांगत राहिला आणि टी६ चा अख्खा लॉट रात्रभर जास्त तापला. सकाळी हार्डनेस बघायला दहा मिलिमीटरची गोळी ५०० किलोने दाबली, तर अडीच मिलिमीटरच्या आसपास यायचा तो ठसा जवळपास तीनचा, म्हणजे माल मऊ. कण जाडे होऊन विरळ झालेले. पार्टीचा फोन मलाच घ्यावा लागला.

तुमच्या ब्रॅकेटला मात्र हे करू नका. लेझर पीनिंग रुळलं ते नव्वदच्या दशकात, अमेरिकी बी-१ बॉम्बरच्या इंजिनाच्या पात्यांवर. तिथे एका पात्याची किंमत बघा आणि तुमच्या ब्रॅकेटची बघा. आधी भोकाची बर (कडेला उरलेला धारदार कंगोरा) काढा, कडेला चॅम्फर द्या, म्हणजे ती तिरकी कापा, मग साधं शॉट पीनिंग करून बघा. आणि ब्रॅकेट खरंच टी६ आहे का, तेही एकदा हार्डनेस घेऊन तपासा. बाजारातलं सर्टिफिकेट आणि हातातला माल, दोन्ही जुळतातच असं नाही.