शिक्षा, संदेश की संकेत?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘देव माणसावर संकट आणतो ते शिक्षा म्हणून, संदेश म्हणून, की संकेत म्हणून? लिहिताना नेमका कोणता शब्द वापरावा?’ देवाच्या मनातलं मला सांगता येणार नाही. शब्दांच्या पोटात काय आहे, ते थोडंफार सांगतो.

‘शिक्षा’ आणि ‘संदेश’ एकमेकांविरुद्ध उभे करण्यातच गंमत आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं, शिकवणं. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचं नावच ‘शिक्षा’. शिक्ष् हा धातू शक् (समर्थ असणे) याच्या इच्छार्थक रूपातून आला, असं भाषाभ्यासक मानतात. म्हणजे मुळात ‘जमावं असं वाटणं’. हिंदीने तो अर्थ सांभाळला, म्हणून तिकडच्या ‘शिक्षा मंत्री’वर मराठी माणूस एकदा तरी हसलेला असतो. आपल्याकडे शिक्षण, शिक्षक, सुशिक्षित हे सगळं कुटुंब शाळेतच राहिलं. शिक्षा तेवढी तुरुंगात गेली. आणि हा अपघात एकट्या तिचा नाही. शास् या धातूपासून शास्त्र आणि शिष्य आले, तसंच ‘गुन्हेगाराला कडक शासन व्हावं’ यातलं शासनही. हिब्रूतल्या ‘मूसार’ या शब्दातही शिस्त लावणारी शिक्षा आणि शिकवण एकत्र नांदतात. तेव्हा ‘शिक्षा की शिकवण’ हा वाद आजच्या मराठीत खरा आहे, धातूच्या पातळीवर नाही.

‘संदेश’ मात्र वेगळा. त्यात दिश् आहे, दाखवणं. दिशा, आदेश, उपदेश हे त्याचे सख्खे. संदेशाला धाडणारा लागतो, घेणारा लागतो आणि मजकूरही लागतो. संकट आलं, पण त्यातून काय सांगायचंय ते कळलंच नाही, तर त्याला संदेश म्हणणं मला जरा घाईचं वाटतं.

मग ‘संकेत’ म्हणावं का? इथे बहुतेकजण चुकतात. खूण, इशारा हा अर्थ त्याला आहेच; पण ‘संकेत मोडला’ म्हणताना आपण त्याचा दुसरा अर्थ वापरतो: आधी ठरलेलं. संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी भेटायला ठरवलेली जागा. (आता तिथे कोण कोण भेटतं, ते सोडा.) काही ठरलेलंच नसेल, तर खूण ओळखायची कशी?

‘कोप’ लिहिलंत तर राग आला, आणि राग येणारा कुणीतरी आला. ‘प्रकोप’ तितका ठाम नाही. आयुर्वेदात पित्ताचा प्रकोप होतो तेव्हा पित्त कुणावर रागावलेलं नसतं. कुप् म्हणजे खवळणंही.

पण खरं मत क्रियापदातून फुटतं. संकट येतं, ओढवतं, कोसळतं, प्रसंग गुदरतो. यात कुठेच कर्ता देव नाही. ‘आपत्ती’तही येऊन पडणंच आहे, आणि ‘संकट’ मुळात नुसतं ‘अरुंद, चिंचोळं’. उलट ‘देवाने संकट पाठवलं’ लिहिलंत की पाठवणारा ठरला, हेतूही जवळजवळ ठरला. हे पाठवणं मला मराठी बोलण्यातलं कमी आणि प्रवचनातलं जास्त वाटतं. ‘संकटाने धडा शिकवला’ यात शिकवणारं संकटच आहे. ज्यांना देवाबद्दल काही ठरवायचं नाही, त्यांना हे सोयीचं.

चौथा पर्याय प्रश्नात नव्हता: परीक्षा. शिक्षेला आधी गुन्हा लागतो, परीक्षेला लागत नाही. हरिश्चंद्राने काय केलं होतं? बोलताना मास्तर परीक्षा ‘घेतात’, देव मात्र परीक्षा ‘पाहतो’. परि-ईक्ष् म्हणजे सगळीकडून निरखणं, म्हणून हे ‘पाहणं’ मला फार नेमकं वाटतं.

तुमच्या वाक्यातल्या माणसाचा अपराध दाखवायचा असेल तर ‘शिक्षा’ ठेवा, नसेल तर ‘सत्त्वपरीक्षा’. आणि ती लिहाल तेव्हा दोन ‘त’ लिहा. ‘सत्वपरीक्षा’ छापलेलं सर्रास दिसतं.