दूध आणि मांस दोन्हींसाठी विदर्भात कोणती गाय पाळावी?

युरोपातल्या सिमेंटलसारखी, दूध भरपूर देणारी आणि गोऱ्हे मांसासाठी विकता येतील अशी जात वर्ध्याकडच्या शेतीत बसेल का, असं तुम्ही विचारलंय. मी आर्वी तालुक्यात गाई पाळतो, म्हणून स्पष्टच सांगतो: नाही. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यानं आहेच, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. कत्तलीसाठी जनावर राज्याबाहेर नेणं हाही गुन्हा. म्हणजे त्या धंद्याची एक बाजू इथे मुळातच बंद आहे.

बव्हेरिया-ऑस्ट्रियात तो हिशोब जुळतो. तिथली फ्लेकफी (सिमेंटलचीच शाखा) वेताला सात हजार लिटरच्या आसपास दूध देते, नर वासरू दिवसाला किलोपेक्षा जास्त वजन धरतं आणि ते घ्यायला गिऱ्हाईक तयार असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तशा रक्ताच्या संकरित गोऱ्ह्याला वशिंड जेमतेम असतं, जू नीट बसत नाही, उन्हात दम लागतो. मग तो कुणालाच नको असतो आणि रस्त्यावर सोडला जातो. हे बघवत नाही.

आपल्या भागात दुहेरी म्हणजे दूध आणि बैल. त्यासाठी आपली गवळाऊ जातीची गाय आहेच. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, कारंजा, आष्टीच्या नंदगवळ्यांनी (गाई पाळणाऱ्या समाजानं) ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. दूध वेताला सरासरी सहाशे लिटर, कमीच म्हणा. पण बैल हलका, झपझप चालणारा, डवऱ्याला (कोळपणीला) आणि बंडीला (गाडीला) दोन्हीकडे चालतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींचा मार्ग कायमचा मोकळा केल्यापासून शंकरपटाच्या, म्हणजे आपल्याकडच्या बैलशर्यतीच्या, गोऱ्ह्यांनाही चांगली मागणी आहे.

पैदाशीत लोक नुसतं दूध बघतात, तिथे घात होतो. वळू निवडताना त्याच्या आईचं दूध विचारा, आणि त्याचे भाऊ वखराला कसे चालतात तेही शेतात जाऊन बघा. खूर काळे आणि टणक हवेत, पाय सरळ हवेत. एकच वळू वर्षानुवर्षं ठेवू नका. त्याच्या कालवडी माजावर यायच्या आत बदला, नाहीतर बापलेकीचा संयोग होऊन कळप खुजा होत जातो. रेतन करायचं असेल तर दवाखान्यात गवळाऊ वळूच्याच वीर्याची कांडी आहे का ते आधी विचारा, मिळेल ती भरून घेऊ नका. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन याच. आणि गोऱ्ह्यासाठी सुरुवातीचे तीन महिने एक सड राखून ठेवा. तेवढं दूध विकून जे मिळतं, त्याहून जास्त पुढे बैलाची किंमत घटून जातं.

मांसाचाच व्यवसाय करायचा असेल तर गाय सोडून शेळीकडे वळा. म्हशीवर सरसकट बंदी नाही, मात्र तिथेही प्रमाणपत्राचे नियम आहेत, ते आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून समजून घ्या. आपली नागपुरी म्हैस उन्हाला काटक आहे आणि तिचा रेडा कामालाही येतो.

तुमच्याकडे ओलीत किती आहे आणि सोयाबीन-तुरीचं कुटार (भुसा) घरचं निघतं का, ते कळवा. त्यावरून किती जनावरं झेपतील ते सांगता येईल.