थीम पार्कचा पास की तीन हजारांची पगारवाढ?

प्रश्न: मी मेढ्याची, वय २७. पाचगणीच्या एका रिसॉर्टमध्ये फ्रंट ऑफिसला चार वर्षं तीन महिने काम करते. एकूण पगार १८,००० (त्यात बेसिक आणि महागाई भत्ता १३,०००), हातात १६,३०५ येतात. स्टाफ क्वार्टर आणि तीन वेळचं जेवण फुकट. वर्षाला ग्रुपच्या दुसऱ्या हॉटेलांत चार रात्री मोफत आणि थीम पार्कची आठ तिकिटं मिळतात. यंदा तीन हजार वाढ मागितली, तर एचआर म्हणाले, वाढ जमणार नाही, पण सीनियर करतो, आठ रात्री आणि घरच्यांसकट पार्कचा वार्षिक पास देतो. तसंही तुझं टोटल पॅकेज ३३,६०० च्या वर आहे. इकडे साताऱ्यात हायवेलगतच्या एका हॉटेलातून २४,००० ची ऑफर आहे. राहणं-जेवण आपलं आपण, पण सर्व्हिस चार्ज आणि टिप्सचे दोनेक हजार वर सुटतील म्हणतात. घरी सात हजार पाठवते. आईला बीपी आणि शुगर आहे, औषधं ईएसआयसीतून (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यातून) मिळतात. बँकेत १४,००० आहेत आणि दोन हजारांची भिशी आहे. फुकटच्या सोयींवर समाधान मानू की नोकरी बदलू?

उत्तर: पत्रासोबत तुम्ही हिशेबाच्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवला आहे, तिथूनच सुरुवात करतो. फेब्रुवारीत आई आणि भावाला घेऊन थीम पार्कला गेलात त्या दिवसाचा खर्च त्यावर आहे. गाडीभाडं ६,५००. आतलं खाणं-पिणं १,९००. तिकिटापुढे शून्य, आणि त्या शून्याभोवती पेनाने गोल. म्हणजे मोफत सहल ८,४०० रुपयांना पडली, तुमच्या हातातल्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. आई पहिल्यांदा अशा ठिकाणी गेली आणि खूश होती, असंही तुम्ही लिहिलंय. त्या आनंदाची किंमत मी करत नाही. पण एचआर मात्र त्या सहलीची किंमत करतंय आणि ती तुमच्या पगारात मोजतंय. माझी हरकत तिथे आहे.

कुठल्याही फुकट सोयीची किंमत ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: ही सोय नसती, तर तुम्ही खिशातून किती पैसे घातले असते? तेवढीच तिची किंमत. हॉटेलने रेट कार्डवर काय छापलंय, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

एचआरचा हिशेब असा आहे: राहण्याचे ६,०००, जेवणाचे ६,०००, चार रात्रींचे वर्षाला ३२,००० आणि तिकिटांचे १२,०००. शेवटच्या दोन्हींचे महिन्याला ३,६६७ होतात. पगार धरून एकूण ३३,६६७. आता तुमच्या क्वार्टरच्या खोलीत चार कॉट आहेत. एका कॉटचे सहा हजार धरले तर त्या खोलीचं भाडं चोवीस हजार झालं. एवढं भाडं त्या खोलीला पाचगणीतसुद्धा कोणी देणार नाही. मोफत रात्रींचं म्हणाल, तर चार वर्षांत तुम्ही दोनच वापरल्या. एप्रिल-मे, दिवाळी आणि ३१ डिसेंबरला त्या चालत नाहीत, आणि उरलेल्या दिवसांत रजा मिळाली तर जायचं. चारच्या आठ केल्या म्हणून रजा वाढणार नाही. त्या रात्रींची आणि तिकिटांची किंमत मी शून्य धरतो, कारण त्या नसत्या तर तुम्ही विकत घेतल्या नसत्या.

राहणं-जेवण मात्र शून्य नाही, आणि ऑफर बघून तुम्ही घाईने ते विसरू नये म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. साताऱ्यात तुमची मैत्रीण राहते तिथे कॉट बेसिसवर २,५०० आणि लाईट-गॅसचे ४०० पडतील, असं तुम्हीच कळवलंय. मेसचे ३,०००, चहा-नाश्त्याचे ९०० धरा. झाले ६,८००. रिसॉर्ट तुमचा एवढा खर्च दर महिन्याला खरोखर वाचवतं. तेव्हा तुमचं खरं पॅकेज २४,८०० चं आहे. ३३,६०० चं नाही, आणि नुसतं १८,००० चंही नाही.

आता साताऱ्याची ऑफर. २४,००० मधून पीएफचे १,८०० जातील (१५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के). व्यवसाय कर महिलांना २५,००० पर्यंत नाही, आणि आयकराचा तर इथे विषयच नाही. हातात २२,२००, म्हणजे आजच्यापेक्षा ५,८९५ जास्त. त्यातून ६,८०० राहण्या-जेवणाला गेले की तुम्ही महिन्याला नऊशे रुपयांनी मागेच येता. वर ईएसआयसी सुटते. तिची मर्यादा दरमहा २१,००० वेतनाची आहे, आणि २४,००० वर नव्या नोकरीत तुम्ही बहुधा तिच्या बाहेर असाल. आईची औषधं बाहेरून घेतली तर १,२०० लागतात म्हणालात. म्हणजे तोटा २,१०० च्या घरात गेला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे, पण तो दवाखान्यात दाखल झाल्यावर. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तिच्यातून येत नाहीत. आणि आईसाठी आरोग्य विमा नव्याने घेतला तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

सर्व्हिस चार्जचे दोन हजार मी या हिशेबात धरलेले नाहीत, तुम्हीही धरू नका. हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. गिऱ्हाईक नको म्हणालं की तो पैसा गेला. ज्या रकमेवर मालकाचाच ताबा नाही, ती तो पगार म्हणून कबूल करू शकत नाही.

एका गोष्टीने हे पारडं फिरू शकतं. साताऱ्याच्या मालकाने कायम सकाळची शिफ्ट लिहून दिली, तर तुम्ही मेढ्याहून एसटीने जाऊन-येऊन करू शकता. महिलांना अर्धं तिकीट आहे, जेवण घरचं, आईजवळ राहणं होईल. मग कॉट आणि मेसचा खर्च जवळजवळ वाचतो आणि ऑफर खरोखर चांगली ठरते. पण फ्रंट ऑफिसला रात्री अकराला सुटणारी शिफ्ट लागली, तर मेढ्याला जायचं कशाने? हे आधी विचारा.

मग रिसॉर्टचं म्हणणं मान्य करून पास घ्यायचा का? नाही. इथे मला मामांची आठवण येते. ते महाबळेश्वरला एका हॉटेलात एकतीस वर्षं आचारी होते. भटारखान्यामागची खोली फुकट, जेवण तिथलंच, दिवाळीला कपडे आणि मिठाई. पगार वाढवा म्हटलं की मालक म्हणायचे, तुम्हाला खर्च आहेच कुठे? मामांनाही ते पटायचं. घर बांधायचं राहून गेलं, कारण राहायला होतंच. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते एक ट्रंक आणि वळकटी घेऊन खाली आले. साताऱ्यात करंज्याला खोली बघायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. घरमालकाला त्यांनी विचारलं, "लाईटबिल वेगळं असतं का हो?" आयुष्यात त्यांनी कधी लाईटबिल भरलं नव्हतं. पीएफ हातात आला तोही लहानशा बेसिकवरचा.

तुमची नोकरी आणि तुमचं छप्पर आज एकाच माणसाच्या हातात आहे. नोकरी गेली तर त्याच आठवड्यात खोलीही सोडावी लागेल. म्हणून तुम्हाला पास नको, बेसिकमध्ये वाढ हवी, आणि तीही आता.

तीन हजारच का, तेही सांगतो. तुमचा पगार बरोबर २१,००० होतो आणि ईएसआयसी शाबूत राहते. हातात सुमारे १९,०४० येतात, आजच्यापेक्षा २,७०० जास्त. पीएफमध्ये तुमचे २४० वाढतात आणि कंपनीचेही तेवढेच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांची. ती शेवटच्या पगारावर मोजतात: महिन्याच्या वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणायचं, मग सेवेच्या वर्षांनी. बेसिक १३,००० वर पाच वर्षांचे ३७,५०० होतात, १६,००० वर ४६,१५० च्या आसपास. म्हणजे आज मिळालेली वाढ तुमच्या गेल्या चारही वर्षांना लागू पडते. पार्कच्या पासचं असं कधी होत नाही. पुढे घरासाठी कर्ज काढायला गेलात तरी बँक सॅलरी स्लिप बघते, पास बघत नाही.

थीम पार्कचाच विषय आहे म्हणून सांगतो, फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या कामगारांना पार्कात मोफत प्रवेश आधीपासून होता. तरी त्यांच्या युनियनांनी २०१८ च्या करारात तासाचं किमान वेतन १० डॉलरवरून २०२१ पर्यंत १५ डॉलर करून घेतलं. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या पार्काचा पाससुद्धा त्यांना पगाराच्या जागी चालला नाही. तुम्ही तीन हजार मागताय त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

आता ग्रॅच्युइटीचीच दुसरी बाजू. ती पाच वर्षं सलग सेवेनंतर मिळते. तुम्हाला नऊ महिने कमी आहेत. आज राजीनामा दिलात तर ३७,५०० वर पाणी सोडावं लागेल, आणि साताऱ्यात मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होईल. एक अपवाद तपासा. तुमचं नेमणूकपत्र ठरावीक मुदतीचं असेल, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. पत्र कपाटात कुठे असेल ते काढून शब्द न् शब्द वाचा.

म्हणून माझं मत: साताऱ्याच्या मालकाने सकाळची शिफ्ट आणि पगार लिहून दिल्याशिवाय आत्ता हलू नका, आणि लिहून दिलं तरी नऊ महिन्यांनी येते असं विचारून बघा. चांगलं फ्रंट ऑफिसचं माणूस सहज मिळत नाही, ते थांबूही शकतात. रिसॉर्टला मात्र या आठवड्यातच ईमेल करा. त्यात एवढंच लिहा की वाढीव रात्री आणि पास नकोत, त्याऐवजी बेसिकमध्ये ३,००० द्यावेत. एप्रिल-मेचा सीझन तोंडावर आहे, अनुभवी माणूस आत्ता गेलं तर त्यांची अडचण होईल, हे त्यांनाही ठाऊक आहे. दोन हजारांवर तडजोड झाली तरी घ्या, पण बेसिकमध्येच. "सीनियर" हे पद देत असतील तर नक्की घ्या, पुढच्या नोकरीत ते उपयोगी पडेल.

वाढीचे पैसे पहिले दहा महिने बँकेच्या आरडीत टाका, भिशीत नको. साताऱ्यातलं राहणं-जेवण आणि घरचे सात हजार मिळून महिन्याचे १३,८०० होतात, तीन महिन्यांचे ४१,४००. तुमच्याकडे १४,००० आहेत, उरलेले २७,४०० साधारण दहा महिन्यांत जमतील. वाढ नाहीच मिळाली, तर भिशी संपल्यावर ते दोन हजार आरडीकडे वळवा. तोवर पाच वर्षंही पुरी होतील. त्या दिवशी साताऱ्याची ऑफर पुन्हा उघडा, आणि शिफ्ट रात्रीची असेल तर २४,००० वर जाऊ नका. २७,००० च्या आत बोलूच नका.

जाण्याआधी एक काम आजच करा. मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडून गेल्या जुलै-ऑगस्टचे भरणे पाहा. पावसाळ्यात बारा दिवस बिनपगारी रजेवर पाठवलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवसांमुळे सलग सेवेत खंड दाखवलेला नाही ना, हे एचआरकडून त्याच ईमेलमध्ये लेखी मागून घ्या.