वाचक विचारतात : त्लास्काला, मेक्सिकोचे सर्वांत लहान राज्य

मेक्सिकोवरील आमच्या लेखमालेत त्लास्काला राज्याचा उल्लेख केवळ एका ओळीत आला होता. त्यानंतर या राज्याविषयी चौकशी करणारी बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : नकाशात त्लास्काला शोधायला भिंग घ्यावे लागते, आणि ते जवळजवळ सर्व बाजूंनी पुएब्ला राज्याने वेढलेले दिसते. एवढ्याशा प्रदेशाला वेगळे राज्य म्हणून का ठेवले असावे? (एक वाचक, सातारा)

त्लास्कालाचे क्षेत्रफळ सुमारे ४,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोव्याहून थोडेसेच अधिक. २०२०च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या १३ लाख ४२ हजारांच्या घरात होती. मेक्सिकोच्या ३१ राज्यांत क्षेत्रफळाने याहून लहान राज्य नाही. राजधानी मेक्सिको सिटीचा प्रदेश क्षेत्रफळाने लहान आहे, परंतु त्याचा दर्जा निराळा आहे. राज्याच्या उत्तरेस, पूर्वेस आणि दक्षिणेस पुएब्ला, पश्चिमेस ‘मेक्सिको’ याच नावाचे राज्य आणि वायव्येस इदाल्गो आहे. समुद्र नाही, मोठी नदी नाही. बहुतेक भूभाग समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच असल्यामुळे उष्ण कटिबंधात असूनही हिवाळ्यात पहाटे शेतांवर दहिवर गोठते. आग्नेयेकडे मालिंचे नावाचा, ४,४०० मीटरहून उंच असा निद्रिस्त ज्वालामुखी आहे. स्थानिक लोक त्याला मातलालकुएये या जुन्या देवीच्या नावानेही ओळखतात.

भूगोलाकडे पाहून हे राज्य वेगळे का, याचे उत्तर मिळत नाही, कारण पुएब्लापासून त्याला तोडणारी डोंगररांग नाही की दरी नाही. उत्तर इतिहासात आहे. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच येथे तेपेतिक्पाक, ओकोतेलुल्को, तिसात्लान आणि कियाविश्त्लान अशा चार गाद्यांचे एक संघराज्य होते, आणि आसपासचा सारा प्रदेश अस्तेक साम्राज्याच्या ताब्यात गेल्यानंतरही ते स्वतंत्र राहिले होते. विजेत्या स्पॅनिशांशी केलेल्या युतीमुळे वसाहतकाळात त्याला स्वतःची सनद, स्वतःचे नगरमंडळ आणि स्वतःच्या सीमा मिळाल्या. स्पॅनिश नागरिकांसाठी १५३१ मध्ये वसवलेले पुएब्ला शहर शेजारीच वाढत गेले आणि त्लास्काला गिळंकृत करण्याचे प्रयत्न तेव्हापासून होत राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस काही वर्षे हा प्रदेश पुएब्लाच्या अखत्यारीत गेलाही होता, परंतु त्लास्कालाच्या नगरमंडळाने जुन्या सनदा पुढे करून तो पुन्हा वेगळा करून घेतला. स्वातंत्र्यानंतर, १८२४ मध्ये, हाच वाद नव्याने उभा राहिला. त्या वेळी प्रतिनिधी होसे मिगेल गुरीदी इ आल्कोसेर यांनी आपल्या प्रांताची बाजू लावून धरली. (स्पेनच्या कादिस येथील संसदेत १८११ मध्ये गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद करण्याचा प्रस्ताव मांडणारे गुरीदी ते हेच.) तडजोड म्हणून त्लास्काला केंद्रशासित प्रदेश झाला आणि १८५७च्या राज्यघटनेने त्याला पूर्ण राज्याचा दर्जा दिला. आजच्या नकाशावरील तो लहानसा तुकडा अशा रीतीने तीनशे वर्षांच्या अर्जविनंत्यांतून टिकलेला आहे.

‘त्लास्काला अस्तित्वातच नाही’ असा विनोद मेक्सिकोत सर्रास केला जातो. अलीकडे तेथील राज्य सरकारने ‘त्लास्काला अस्तित्वात आहे’ हेच आपल्या पर्यटनाचे घोषवाक्य करून त्या चेष्टेचा चांगला उपयोग करून घेतला.

प्रश्न : त्लास्कालाच्या लोकांनी स्पॅनिश सेनानी कोर्तेसला साथ दिली म्हणून मेक्सिकोत त्यांना देशद्रोही म्हणतात, असे वाचनात आले. हे खरे आहे का, आणि योग्य आहे का? (इतिहासाच्या एक शिक्षिका, कोल्हापूर)

असे म्हणतात हे खरे आहे. योग्य मात्र नाही, असे आमचे मत आहे.

१५१९ मध्ये ‘मेक्सिको’ नावाचा देशच नव्हता. होती ती अनेक नगरराज्ये, आणि त्यांतील बहुतेकांकडून खंडणी वसूल करणारे तेनोच्तित्लान, म्हणजे अस्तेकांची सरोवरात वसलेली राजधानी. त्लास्कालाची अस्तेकांनी चहूबाजूंनी नाकेबंदी केली होती, त्यामुळे मीठ आणि कापूस या दोन्ही वस्तू तेथे दुर्मिळ झाल्या होत्या. उंचावरील थंड प्रदेशात कापूस पिकत नाही आणि मीठही बाहेरूनच येते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कोंडीची तीव्रता कळते. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या ‘पुष्पयुद्धां’त दोन्ही बाजूंचे योद्धे जिवंत पकडून बळी दिले जात. अशा शत्रूशी कोणती निष्ठा राखणे त्लास्कालाला बंधनकारक होते, हा प्रश्न आरोप करणाऱ्यांनी स्वतःला विचारावयास हवा.

शिवाय युती लगेच झालेली नाही. सप्टेंबर १५१९ मध्ये कोर्तेसची तुकडी सीमेवर येताच धाकट्या शिकोतेंकात्लच्या नेतृत्वाखाली त्लास्कालाच्या फौजांनी तिच्याशी अनेक लढाया दिल्या. स्पॅनिशांना सहज हटवता येत नाही असे दिसल्यावर ज्येष्ठ शिकोतेंकात्ल आणि माशिश्कात्सिन प्रभृती अधिपतींनी तह केला. धाकट्याला तो तह कधीच पटला नाही, आणि तेनोच्तित्लानच्या वेढ्याच्या सुमारास, १५२१ मध्ये, कोर्तेसने त्याला फाशी दिले. त्लास्कालामधील हा अंतर्गत मतभेद ‘देशद्रोहा’च्या कथेत सोयीस्करपणे गाळला जातो. वस्तुतः राजधानीच्या आजच्या अधिकृत नावात, त्लास्काला दे शिकोतेंकात्ल यात, याच विरोधकाचे नाव जोडलेले आहे.

युतीचे लष्करी मोल निर्णायक होते. ३० जून १५२०च्या रात्री तेनोच्तित्लानमधून मार खाऊन पळालेल्या स्पॅनिशांना आसरा मिळाला तो त्लास्कालात. सरोवरातील लढाईसाठी लागणाऱ्या तेरा नौकांचे भाग तेथेच घडवले गेले आणि हजारो हमालांनी ते डोंगर ओलांडून वाहून नेले. वेढ्यातील स्पॅनिश सैनिक काही शेकडा होते, तर त्यांच्या बाजूने लढणारे मूळनिवासी हजारोंच्या संख्येने होते. ‘मूठभर स्पॅनिशांनी साम्राज्य जिंकले’ हे वाक्य म्हणून फार जपून वापरावे.

या सेवेची किंमत त्लास्कालाच्या पुढाऱ्यांनी पुरेपूर वसूल करण्याचा प्रयत्न केला, आणि आमच्या मते या इतिहासाचा सर्वांत वेधक भाग हाच आहे. त्यांची शिष्टमंडळे सोळाव्या शतकात एकापाठोपाठ एक समुद्र ओलांडून स्पेनच्या दरबारी गेली. १५३५ मध्ये शहराला राजचिन्ह बहाल झाले. शतकाच्या मध्यास त्यांनी युतीचा आणि युद्धाचा सारा वृत्तान्त एका मोठ्या कापडावर चित्रांकित करवला. ‘लिएन्सो दे त्लास्काला’ नावाने प्रसिद्ध असलेल्या या पटाची मूळ प्रत हरवली असली, तरी तिच्या नकला उपलब्ध आहेत. त्यात त्लास्कालाचे योद्धे स्पॅनिशांच्या खांद्याला खांदा लावून लढताना दिसतात आणि धाकट्या शिकोतेंकात्लने दिलेल्या लढायांना मात्र जागा मिळालेली नाही. हा पट म्हणजे चित्ररूपातील अर्जच होता, आणि अर्जात कोणी आपल्या विरोधात जाणारा मजकूर घालत नाही.

मिळालेल्या सवलती कागदावर भरघोस असल्या तरी कर, सक्तीची मजुरी आणि विशेषतः साथीचे रोग यांपासून त्या लोकांना वाचवू शकल्या नाहीत. १५२०च्या देवीच्या साथीत स्वतः माशिश्कात्सिन मरण पावला. १५९१ मध्ये सुमारे ४०० त्लास्कालन कुटुंबांना उत्तरेकडील अशांत सीमेवर वसाहतीसाठी पाठवण्यात आले. बदल्यात त्यांना घोड्यावर बसण्याचा, शस्त्र बाळगण्याचा आणि खंडणीतून मुक्त राहण्याचा हक्क मिळाला. आजच्या साल्तियो शहराचा एक भाग असा त्यांच्या वंशजांनी घडवलेला आहे.

प्रश्न : कामानिमित्त काही महिने मेक्सिको सिटीत आहे. दोन दिवसांत त्लास्कालामध्ये काय पाहावे? (एक वाचक, मूळचे नाशिकचे)

मेक्सिको सिटीहून त्लास्काला शहर बसने साधारण दोन तासांच्या अंतरावर आहे. दोनच दिवस असतील तर पहिला मान काकाश्त्लाला द्यावा. टेकडीवरील या प्राचीन नगराचा बहराचा काळ इसवी सनाच्या सातव्या ते नवव्या शतकातला आहे, आणि १९७५ मध्ये तेथे भित्तिचित्रे उजेडात आली. जग्वारची कातडी पांघरलेले योद्धे पक्ष्यांच्या वेशातील योद्ध्यांचा संहार करीत आहेत, असे एक प्रदीर्घ दृश्य भिंतीवर आहे, आणि त्यातील निळा रंग अजून टवटवीत आहे. माया संस्कृतीच्या प्रदेशापासून शेकडो किलोमीटर दूर असूनही चित्रांची शैली मायांशी इतकी जवळीक दाखवते की अभ्यासकांत त्यावरून आजही चर्चा चालते. संरक्षणासाठी उभारलेले अवाढव्य छप्पर दिसायला कुरूप आहे, पण त्याविना चित्रे उरली नसती. शेजारच्या टेकडीवरील शोचितेकात्ल येथील वर्तुळाकार वास्तूही त्याच फेरीत पाहून होते.

शहरात सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन मठ पाहावा. त्याच्या चर्चचे लाकडी छत मुदेहार शैलीचे, म्हणजे स्पेनमधील मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतले आहे. २०२१ मध्ये युनेस्कोने या मठाचा समावेश पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या उतारांवरील प्रारंभीच्या मठांच्या वारसास्थळात केला. शासकीय भवनातील देसिदेरियो एर्नान्देस शोचितिओत्सिन यांची भित्तिचित्रे पाहिली की आधीच्या उत्तरातील सारा इतिहास त्लास्कालाच्या दृष्टिकोनातून समोर येतो. त्यांचे काम १९५७ मध्ये सुरू झाले आणि कित्येक वर्षे चालले.

महिना निवडता येत असेल तर ऑगस्ट निवडावा. १४ ऑगस्टच्या रात्री वामांत्ला गावात कोणी झोपत नाही. रंगवलेला लाकडाचा भुसा आणि फुले यांचे गालिचे रस्तोरस्ती रात्रभर घातले जातात आणि त्यांवरून मेरीमातेची मिरवणूक जाते. काही तासांच्या मेहनतीचा तेवढ्यात चुराडा होतो, याचे तेथे कोणाला वाईट वाटत नाही. त्याआधी, जून ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, नानाकामिल्पाच्या जंगलात काजव्यांचा हंगाम असतो. तेथे आगाऊ नोंदणी करूनच जावे, आणि विजेरी व कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये.

प्रश्न : तेथील लोक उपजीविका कशी करतात? (एक वाचक, जळगाव)

पूर्वी घायपाताच्या जातीच्या मागेय वनस्पतीपासून काढलेले पुल्के हे आंबवलेले पेय येथील हासिएन्दांचे, म्हणजे जमीनदारी वाड्यांचे, मुख्य उत्पन्न होते. मेक्सिको सिटी ते वेराक्रूस हा १८७३ मध्ये पूर्ण झालेला लोहमार्ग त्लास्कालातील आपिसाको गावावरून गेल्यावर हे पेय झपाट्याने राजधानीत पोहोचू लागले. विसाव्या शतकात बियरने बाजार काबीज केला आणि अनेक वाडे ओस पडले. च्याउतेंपान आणि कोंत्लाच्या परिसरात लोकरीची घोंगडी व सारापे (अंगावर घ्यायच्या शाली) विणण्याचा धंदा अजून तग धरून आहे. बरेच लोक रोज पुएब्लाच्या कारखान्यांत कामाला जातात, आणि हंगामी शेतमजूर म्हणून कॅनडात जाणाऱ्यांचेही प्रमाण मोठे आहे. गरिबी आणि मानवी तस्करी हे दक्षिण भागातील गंभीर प्रश्न आहेत, आणि सावापान नदीचे प्रदूषणही तसेच.

शेतीत मका अग्रस्थानी आहे. मालिंचेच्या पायथ्याशी असलेल्या इश्तेंको या ओतोमी नावाच्या मूळनिवासी समाजाच्या वस्तीत लाल, निळ्या, जांभळ्या अशा अनेक रंगांच्या कणसांचे देशी वाण शेतकरी स्वतःच्या बियाण्यातून राखून ठेवतात. जनुकबदल केलेल्या मक्याच्या वादात त्लास्कालाच्या विधिमंडळाने २०११ मध्ये देशी मक्याच्या संरक्षणाचा कायदा केला, तो याच शेतकऱ्यांच्या आग्रहामुळे.